हँगरमध्ये नोकरी मिळाली. लॉगबुकवर सही कोणाची?

विमान देखभालीचा अभ्यासक्रम पूर्ण करून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला एअरलाइनचा गणवेश हवा असतो, आणि त्यात वावगे काही नाही. मात्र प्रवासी एअरलाइन आपल्या विमानांची सगळी देखभाल स्वतः करत नाहीत, आणि तुमची पहिली नोकरी बहुधा अशा बाहेर दिलेल्या कामावरच लागेल, हे आधीच गृहीत धरावे.

रात्री शेवटचे उड्डाण आटोपून आलेले विमान पहाटेपर्यंत तयार करण्याचे काम, म्हणजे लाइन मेंटेनन्स, मोठ्या एअरलाइन मुख्य तळांवर शक्यतो स्वतःकडे ठेवतात. सी-चेकसारखी (विमान बरेचसे उघडून केली जाणारी नियतकालिक तपासणी) मोठी कामे होसूर, हैदराबाद, नागपूर येथील एमआरओंकडे, म्हणजे देखभाल-दुरुस्ती करणाऱ्या संस्थांकडे, किंवा परदेशात जातात. इंजिनांसाठी पुष्कळदा उत्पादकाशीच उड्डाणाच्या तासामागे ठरावीक दराचा करार असतो. नागपूरच्या मिहानमधील हँगर बोइंगने बांधले असून ते एआयईएसएल ही पूर्वीची एअर इंडियाचीच देखभाल कंपनी चालवते. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटा समूहाकडे गेली, एआयईएसएल मात्र सरकारकडेच राहिली. त्यामुळे कालपर्यंत एका घरात असलेले हे दोघे आज ग्राहक आणि कंत्राटदार झाले आहेत.

काम बाहेर दिले म्हणून एअरलाइनची जबाबदारी बाहेर जात नाही. कोणते काम कधी करायचे हे तिची सीएएमओ, म्हणजे विमाने उड्डाणयोग्य ठेवण्याची जबाबदारी असलेली यंत्रणा, ठरवते. काम करून विमान सेवेत सोडल्याचे प्रमाणपत्र सीएआर-१४५ (देखभाल संस्थांसाठीचा सरकारी नियम) मान्यता असलेली संस्था देते. या दोहोंमधला सांधा निखळला की काय होते, ते मे १९९६ मध्ये फ्लोरिडात दिसले. व्हॅल्यूजेट या अमेरिकी एअरलाइनच्या कंत्राटदाराकडे विमानांतून काढलेल्या ऑक्सिजन जनरेटरवर सुरक्षा टोपणे बसवलेलीच नव्हती, तरीही कामाच्या कार्डावर ती बसवल्याची सही होती. हेच जनरेटर सामानकक्षात भरून निघालेल्या विमानाला आग लागली आणि ११० जण दगावले. चौकशीत कंत्राटदाराबरोबरच त्याच्यावर देखरेख न ठेवणाऱ्या एअरलाइनवरही ठपका आला. ‘नुसती सही तर करायची आहे’ असे म्हणणारा वरिष्ठ भेटला, तर त्याच्यापासून चार हात लांबच राहावे.

आता ज्या खोड्यात माझी उमेदीची वर्षे अडकली, त्याबद्दल सविस्तर लिहितो. हँगर एका संस्थेचे, विमान दुसऱ्या कंपनीचे आणि तुमचे नेमणूकपत्र तिसऱ्याच मनुष्यबळ पुरवठादाराचे, अशी रचना सर्रास असते. पगार वेळेवर होतो, ओळखपत्र मिळते, त्यामुळे सारे सुरळीत वाटते. आमच्या तुकडीला केबिनचे काम दिलेले होते: सीट काढायच्या, सीट ट्रॅक साफ करायचे, फ्लोअर पॅनेल उचलायची आणि प्रत्येक पॅनेलचे स्क्रू वेगळ्या पिशवीत भरून वर क्रमांक लिहायचा. एक विमान बाहेर गेले की दुसरे आत, काम तेच. परिणामी लॉगबुकची, म्हणजे स्वतःच्या अनुभवाच्या नोंदवहीची, पानेच्या पाने एटीए २५ ने (विमानाच्या भागांना दिलेल्या प्रकरण क्रमांकांपैकी केबिनच्या सामानाचा) भरली. लँडिंग गिअरचा ३२ आणि फ्लाइट कंट्रोल्सचा २७ जवळजवळ कोरेच राहिले. बी१ लायसन्ससाठी (विमानाच्या यांत्रिक कामांवर सही करण्याचा परवाना) नुसती वर्षे मोजली जात नाहीत, तर कामांचा प्रातिनिधिक पट दाखवावा लागतो, आणि केबिनमध्ये घासलेली वर्षे तिथे तोकडी पडतात.

दुसरा पेच सहीचा. नोंद केली, पण ज्या लायसन्सधारक अभियंत्याच्या देखरेखीखाली काम झाले तो दुसऱ्या संस्थेचा. ‘तू आमचा माणूस नाहीस’ म्हणून तो सही टाळतो, आणि पुरवठादाराकडे सही करण्याचा अधिकार असलेला कोणीच नसतो. काही महिन्यांनी सही मागायला जावे, तर तो अभियंता नोकरी सोडून गेलेला असतो. म्हणून मुलाखतीत पगाराच्याही आधी तीन गोष्टी विचाराव्यात: काम कोणाच्या मान्यतेखाली होणार, लॉगबुकवर सही कोण करणार आणि विभाग किती काळाने बदलून मिळणार. नोंद त्याच पाळीत करावी. विमानाचा नोंदणी क्रमांक, टास्क कार्डाचा क्रमांक आणि केलेले काम लिहून सही तिथेच घ्यावी. मुलाखतीतल्या त्या प्रश्नांना उत्तर मोघम मिळाले, तर ती नोकरी घरखर्चासाठी धरावी, लायसन्ससाठी नव्हे.

हे वाचून खचून जाऊ नये. मोठ्या चेकमध्ये उघडे विमान जितके आतून पाहायला मिळते, तितके लाइनवरच्या घाईत कधीच दिसत नाही, आणि त्या दृष्टीने एमआरओतील सुरुवात कमीपणाची मुळीच नाही. शिकवण्याच्या बाबतीत माझे मत एकांगी असेल, पण कार्यालयात बसलेल्या साहेबांपेक्षा टूल क्रिबपाशी (अवजारांच्या खोलीपाशी) भेटणारा जुना तंत्रज्ञ अधिक देतो. लायसन्ससाठीच्या मॉड्यूल (विषयवार) परीक्षांसाठी जुने प्रश्नसंच पाठ करून ७५ टक्के मिळतातही. मात्र पुढे हातात मेंटेनन्स मॅन्युअल आले की ती पाठांतरे उघडी पडतात. पैसे घेऊन ‘अनुभव भरून देतो’ म्हणणाऱ्या दलालाच्या वाटेला तर अजिबात जाऊ नये. खोटी नोंद पकडली गेली, तर लायसन्सच हातचे जाऊ शकते.

लायसन्स हाती आल्यावरही ठरावीक प्रकारच्या विमानाचे टाइप रेटिंग (त्या विमानापुरती पात्रता) आणि संस्थेची स्वतःची अधिकृती मिळेपर्यंत सही करता येत नाही. टाइप रेटिंगचा खर्च कंपनी करत असेल, तर सोबत बाँड येतो. त्यातील मुदत आणि मध्येच नोकरी सोडल्यास भरायची रक्कम घरी नेऊन वाचावी, आणि एक प्रत मागून घेतल्याशिवाय कागदावर सही करू नये.