अपरिचित इंग्रजी शब्दाचे मूळ कसे शोधावे

वाचताना एखादा अनोळखी इंग्रजी शब्द अडतो, आपण कोशात त्याचा अर्थ पाहतो आणि पुढे जातो. आठवड्याभराने तोच शब्द पुन्हा भेटला की अर्थ आठवत नाही. मूळ ठाऊक असलेल्या शब्दाच्या बाबतीत असे सहसा होत नाही. ‘डीफेनेस्ट्रेशन’ हा शब्द नुसता पाठ करणे कठीण आहे, परंतु लॅटिन भाषेत ‘फेनेस्ट्रा’ म्हणजे खिडकी हे कळले आणि २३ मे १६१८ रोजी प्राग येथील किल्ल्यात संतप्त प्रोटेस्टंट सरदारांनी सम्राटाच्या दोन अधिकाऱ्यांना व त्यांच्या चिटणिसाला खिडकीतून खाली फेकले, तिघेही वाचले, पण त्यातून तीस वर्षांचे युद्ध पेटले, हा प्रसंग वाचला, की ‘खिडकीबाहेर फेकणे’ हा अर्थ विसरणे अशक्य होते. अशी मुळे स्वतः शोधता येतात. त्यासाठी भाषाशास्त्राची पदवी लागत नाही. मात्र थोडी शिस्त लागते.

शब्द टिपताना तो ज्या वाक्यात आला ते संपूर्ण वाक्य उतरवून घ्यावे. त्यानंतर व्युत्पत्ती आणि पहिल्या वापराचे साल अशा दोन्ही गोष्टी देणारा कोश उघडावा. इंग्रजीसाठी या बाबतीत ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाला तोड नाही. त्याचा पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि पहिली आवृत्ती १९२८ मध्ये पूर्ण झाली. असंख्य स्वयंसेवकांनी जुन्या पुस्तकांतून वाक्ये वेचून चिठ्ठ्यांवर लिहून पाठवली आणि त्या चिठ्ठ्यांच्या आधारे प्रत्येक शब्दाचा इतिहास मांडला गेला. कोशातील व्युत्पत्ती वाचताना लक्षात ठेवावे की ती अलीकडून मागे जाते: आधी मध्ययुगीन इंग्रजी, मग जुनी फ्रेंच, मग लॅटिन, असा तो उलटा प्रवास असतो. एखाद्या रूपाआधी तारकाचिन्ह असेल, तर ते रूप कुठेही लिहिलेले सापडलेले नसून अभ्यासकांनी तुलनेने सिद्ध केलेले आहे, असे समजावे. हे चिन्ह दुर्लक्षून पुढे गेल्यास अनुमान आणि पुरावा यांची गल्लत होते.

यानंतरची पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती म्हणजे सालांची पडताळणी. शब्दांभोवती मनोरंजक कथा फार लवकर जमतात आणि त्यांतील बहुतेक कथा एका तारखेने कोसळतात. ‘क्विझ’ या शब्दाबद्दल सांगतात, की १७९१ मध्ये डब्लिनमधील एका नाट्यगृहाच्या चालकाने, निरर्थक शब्द एका रात्रीत शहरभर रूढ करून दाखवीन अशी पैज लावली आणि भिंतीभिंतींवर तो लिहवून घेतला. कथा आकर्षक आहे, पण ‘विक्षिप्त माणूस’ या अर्थाने हा शब्द १७८२ मध्येच लिहिलेला आढळतो. ‘पॉश’ म्हणजे उच्चभ्रू या शब्दाचेही तसेच आहे. भारताकडे जाताना जहाजाची डावी बाजू आणि परतताना उजवी बाजू अशी सावलीची खोली मिळवणाऱ्या श्रीमंत प्रवाशांच्या तिकिटावर ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ (जाताना डावी, परतताना उजवी) याची चार आद्याक्षरे छापत, त्यांतून हा शब्द झाला, असे ठामपणे सांगितले जाते. परंतु असे एकही तिकीट आजवर मिळालेले नाही. आद्याक्षरे जोडून शब्द बनवण्याची पद्धत विसाव्या शतकापूर्वी दुर्मीळ होती. ‘रडार’ आणि ‘लेझर’ हे शब्द खरोखर तसे घडले आहेत, पण ते विसाव्या शतकातीलच आहेत. त्यामुळे एखाद्या जुन्या शब्दाची फोड आद्याक्षरांत केलेली दिसली, की तेथेच थांबून पुरावा मागावा.

याउलट काही कथा खऱ्या निघतात आणि त्या अगदी दिवसासह सिद्ध करता येतात. ‘सेरेंडिपिटी’ (अनपेक्षितपणे काही चांगले गवसणे) हा शब्द इंग्रज लेखक होरेस वॉलपोल यांनी २८ जानेवारी १७५४ रोजीच्या पत्रात स्वतः घडवला आणि तो कसा सुचला हेही तेथेच लिहून ठेवले. सेरेंदिप या देशाचे तीन राजपुत्र, जे शोधत नव्हते ते योगायोगाने आणि चातुर्याने शोधून काढत, अशी गोष्ट त्यांनी वाचली होती. सेरेंदिप हे श्रीलंकेचे जुने अरबी-फारसी नाव, आणि त्याचे मूळ संस्कृत ‘सिंहलद्वीप’ या शब्दापर्यंत नेले जाते. पहिल्या पावसानंतरच्या मृद्गंधासाठीचा ‘पेट्रिकॉर’ हा शब्दही असाच जन्मतारखेसह मिळतो: १९६४ मध्ये इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी ग्रीक ‘पेट्रा’ म्हणजे दगड आणि ‘इकॉर’ म्हणजे देवांच्या नसांतून वाहणारा द्रव, यांची सांगड घालून तो बनवला.

शब्दाची फोड करताना मात्र डोळ्यांवर विसंबू नये. ‘माँगूज’ या शब्दात ‘गूज’ म्हणजे हंसजातीचा पक्षी दिसतो, पण त्याचा येथे काहीही संबंध नाही. तो सरळ आपला ‘मुंगूस’ आहे आणि म्हणूनच त्याचे अनेकवचन ‘गीज’च्या धर्तीवर होत नाही. गंमत अशी, की स्वतंत्र ‘गूज’ हा शब्द संस्कृत ‘हंस’ याचाच दूरचा भाऊबंद आहे. म्हणजे एक शब्द मराठीतून उसना गेला आणि दुसरा समान पूर्वजाकडून आला. ही दोन नाती वेगळी ठेवावीत. इंग्रजी लेखनही फसवते. ‘आयलंड’ या शब्दातील न उच्चारला जाणारा ‘एस’ मुळात नव्हताच, तो लॅटिन ‘इन्सुला’शी नाते आहे अशा चुकीच्या समजुतीने नंतर घुसडला गेला. ‘निकनेम’मधील पहिला ‘न’ तर मागच्या ‘ॲन’ या उपपदातून गळून पुढे चिकटला. मूळ शब्द ‘एकनेम’, म्हणजे जोडनाव. ‘एप्रन’ने उलट आपला ‘न’ गमावला.

समान पूर्वजाचा दावा तपासण्यासाठी ध्वनींचे नियम वापरावेत. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये मांडलेला नियम सांगतो, की संस्कृत-लॅटिनमधील ‘प’च्या जागी इंग्रजीत ‘फ’ येतो आणि ‘द’च्या जागी ‘ट’: ‘पितृ’ व ‘फादर’, ‘पाद’ व ‘फुट’, ‘दश’ व ‘टेन’. लॅटिन ‘क’च्या जागी ‘ह’ येतो. या नियमामुळे एक विलक्षण गोष्ट उघड होते: इंग्रजी ‘हॅव’ आणि लॅटिन ‘हाबेरे’ यांचा ध्वनीही मिळताजुळता, अर्थही तोच, तरीही ते सगोत्र नाहीत. ‘हॅव’चे नाते ‘पकडणे’ या अर्थाच्या ‘कापेरे’शी आहे. नुसत्या साम्यावरून व्युत्पत्ती लावणाऱ्याने हे उदाहरण कायम जवळ बाळगावे.

अर्थाची वाटचालही पायरी-पायरीने मांडावी. ‘नाइस’ हा शब्द लॅटिन ‘नेस्कियुस’ म्हणजे अज्ञानी यापासून आला; इंग्रजीत तो आधी मूर्ख, मग चोखंदळ, काटेकोर आणि अठराव्या शतकाच्या सुमारास छान, असा फिरला. मधल्या पायऱ्या गाळल्या, तर हा प्रवास अविश्वसनीय वाटतो.

एकाच कोशावर समाधान मानू नये. १९३४ च्या एका प्रतिष्ठित अमेरिकी कोशात ‘डॉर्ड’ म्हणजे घनता अशी नोंद होती. वास्तविक ती ‘डी ऑर डी’, म्हणजे ‘मोठा डी किंवा छोटा डी हे घनतेचे संक्षिप्त रूप’ अशी चिठ्ठी होती, जी शब्द म्हणून वाचली गेली. १९३९ मध्ये चूक लक्षात आली, तरी नोंद पुढे काही वर्षे छापली जात राहिली.

शेवटी वहीत शब्द, वाक्य, सर्वांत जुने साल, मूळ भाषा आणि अर्थाच्या पायऱ्या असे रकाने करावेत. कोशांनी ‘मूळ अज्ञात’ असे म्हटले असेल, तर तो रकाना कोराच ठेवावा. ‘डॉग’ हा रोजचा शब्द त्यांपैकीच आहे: ‘हाउंड’चे नाते संस्कृत ‘श्वन्’शी निर्विवादपणे लागते, पण ‘डॉग’ जुन्या इंग्रजीत कुठून आला, याचा छडा अद्याप लागलेला नाही.