नव्या स्टुलाला जुना लूक द्यायचाय? मेणबत्ती आणि फेव्हिकॉल काढा

अँटिक फिनिशच्या स्टुलांच्या किमती बघितल्या की डोळे पांढरे होतात, पण ते काम घरी आरामात होतं. दोन रंग, साधी पांढरी मेणबत्ती, फेव्हिकॉल, पॉलिश पेपर, बास. डोकं लावायचं ते फक्त रंग कुठे उडवायचा यासाठी.

आधी घरातलं खरंखुरं जुनं काहीतरी बघा, आजीचा पाट किंवा एखादी जुनी खुर्ची. रंग कुठे गेलाय? कडांना, जिथे हात लागतो तिथे, पायांच्या खालच्या टोकांना जिथे झाडू आणि पोछा आपटतो. मधल्या सपाट भागावर फारसा जात नाही आणि खाचेत तर उलट मळ साचून काळपट होतं. हेच आपल्याला करायचंय.

स्टूल कोरं असेल तर १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, पुसा, लाकडाचा प्रायमर मारा. आधीच रंगवलेलं असेल, त्यातही बरंच जुनं ऑइलपेंट असेल, तर कोरडं घासू नका, कारण जुन्या रंगात शिसं असू शकतं (आपल्याकडे घरगुती रंगात शिशाला ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, मर्यादा लागू झाली ती २०१७ पासून). पाणी लावून वॉटरपेपरने घासा, तोंडाला मास्क लावा आणि लहान पोरांना लांब ठेवा.

आता खालचा रंग, म्हणजे जो नंतर डोकावणार तो. मला तपकिरी किंवा विटकरी आवडतो. साधं इमल्शन, म्हणजे भिंतीला लावतात तो पाण्यात कालवायचा रंग, चालतं, रात्रभर वाळू द्या. मग मेणबत्ती घ्या आणि जिथे जिथे झीज दाखवायची तिथे दाबून घासा, कडांना जास्त, सपाट भागावर एखाद्दुसरा फराटा. वरून फिकट रंगाचा हात द्या, पिस्ता किंवा मळकट पांढरा वगैरे, आणि वाळल्यावर २२० च्या पेपरने हलकेच घासा, मेण होतं तिथे वरच्या रंगाला पकड मिळालेली नसते त्यामुळे तो सटासट निघतो. दर दोन मिनिटांनी चार पावलं मागे जाऊन बघा. घासण्याच्या नादात माणूस थांबतच नाही आणि मग स्टूल जुनं न दिसता नुसतं खरवडलेलं दिसतं.

तडे हवे असतील तर तेवढ्या भागावर मेण लावू नका. खालच्या रंगावर फेव्हिकॉलचा थर द्या, पाच-दहा मिनिटं थांबा, बोट लावल्यावर चिकटायला हवं पण तार सुटायला नको, की लगेच वरचा रंग मारा. एकाच दिशेने, एकाच हातात, परत त्याच जागी ब्रश फिरवला तर सगळं लोळागोळा होऊन वर येतं. वरचा पाण्याचा रंग पटकन वाळून आकसतो, खालचा फेव्हिकॉल अजून ओलाच असतो त्यामुळे रंग सरकतो आणि बघता बघता फाटतो. फेव्हिकॉलचा थर जाड तर भेगा मोठ्या, पातळ तर बारीक. ऑइलपेंट इथे चालणार नाही. पावसाळ्यात रंग वाळायलाच वेळ लागतो, तेव्हा लांबून हेअर ड्रायर मारा. आणि प्लीज, अख्ख्या स्टुलाला तडे नकोत, फक्त वरची फळी पुरे!

सगळं नीट वाळल्यावर तपकिरी स्टेनरचे (रंगात छटा आणायला मिसळतात ते गडद द्रव) थोडे थेंब पाण्यात कालवून मेणाच्या भागावर, खाचाखोचांत लावा आणि लगेच जुन्या बनियनच्या फडक्याने पुसा, खाचेत राहील तेवढंच राहू द्या. तड्यांवर मात्र फडकं जेमतेम ओलं घ्या.

शेवटी मॅट क्लिअर स्प्रे, आणि तोही दुसऱ्या दिवशी. तड्यांवर पाण्याचं वार्निश ब्रशने घासत बसलात तर खालचा फेव्हिकॉल परत भिजतो आणि रंग सुटतो. म्हणूनच असल्या स्टुलावर कुंडी ठेवू नका, आणि बाथरूममध्ये तर नकोच.