जपानात नव्या इंग्रजी शिक्षकांचं ओरिएंटेशन घेताय? या चुका टाळा

१९८७ पासून जपानच्या जेट प्रोग्रॅममधून दर उन्हाळ्यात परदेशी तरुण मंडळी शाळांमध्ये इंग्रजीचे सहायक शिक्षक, म्हणजे एएलटी, म्हणून येतात. टोकियोतलं दोन दिवसांचं ओरिएंटेशन आटोपलं की ती आपापल्या प्रीफेक्चरमध्ये, म्हणजे जपानी प्रांतात, पोहोचतात आणि तिथून पुढची जबाबदारी स्थानिक शिक्षण मंडळाची आणि मदतीला धरलेल्या जुन्या एएलटींची. हा लेख त्या मदतनीसांसाठी आहे. वर्षानुवर्षं त्याच चुका होतात आणि त्यांचं खापर दर वेळी नवख्यांवर फुटतं.

नमनालाच घडाभर तेल

सकाळी नऊला स्वागताची भाषणं, मग संस्कृतीवर दीड तास, मग विमा, मग निवृत्तिवेतन. समोरच्याच्या अंगात अजून जेटलॅग आहे. दुपारी दोननंतर सांगितलेलं काहीही डोक्यात राहत नाही, हे गृहीत धरूनच वेळापत्रक आखा. पैसे, पत्ता आणि आपत्ती हे तीन विषय सकाळी. दुपारी हातापायांचं काम: वर्गातला सराव, भूकंपात जायचं निवारा-केंद्र चालत जाऊन दाखवणं, एटीएमवर बटणं दाबून पाहणं. चहा कसा प्यावा, भेटवस्तू कशी द्यावी, हे सप्टेंबरमध्ये सांगितलं तरी आकाश कोसळत नाही.

कागदपत्रांचा उलटा क्रम आणि नावाचा घोळ

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, म्हणून जरा सविस्तर.

विमानतळावर मिळणाऱ्या रेसिडेन्स कार्डावर पत्त्याच्या जागी 'अनिश्चित' असं छापलेलं असतं. राहायला गेल्यापासून १४ दिवसांत नगरपालिकेत नोंद केली की कार्डाच्या मागे पत्ता लिहून मिळतो. त्या पत्त्याशिवाय बँक खातं उघडत नाही आणि खात्याशिवाय बहुतेक मोबाइल कंपन्या महिन्याचा करार करत नाहीत. म्हणजे क्रम ठरलेला: नगरपालिका, बँक, फोन. नवख्यांना मात्र आधी फोन हवा असतो. जेवणाच्या सुटीत फोनच्या दुकानात रांग लावून हात हलवत परत येतात आणि मदतनीसाचा अर्धा दिवस जातो. तोवर प्रीपेड डेटा सिम घ्या म्हणावं आणि विषय संपवावा.

वेळाही लक्षात ठेवा. नगरपालिका साधारण सव्वापाचपर्यंत उघडी असते, पण बँकेची खिडकी तीनला बंद होते. सकाळी साडेआठला नगरपालिकेच्या दारात उभे राहिलात तरच दोन्ही कामं एका दिवसात होतात. जपानात सहा महिने न झालेल्यांना खातं द्यायला काही बँका कुरकुर करतात, त्यामुळे नेमणुकीचं पत्र सोबत हवंच.

आता नाव. बँकेच्या व्यवहारात नाव काताकाना लिपीत, म्हणजे परदेशी शब्द लिहायच्या जपानी लिपीत, असतं आणि पगार पाठवताना लिहिलेलं काताकाना नाव खात्यावरच्या नावाशी तंतोतंत जुळावं लागतं. एका शिक्षण मंडळात झालेला गोंधळ पाहा. अर्जावरून कारकुनाने स्वतःच्या अंदाजाने काताकाना लिहिलं, मधलं नाव गाळलं. बँकेतल्या बाईंनी कार्ड पाहून मधल्या नावासकट लिहिलं, शिवाय 'व्हि'च्या जागी 'बि' केलं. पगाराच्या दिवशी रक्कम परत आली. दुरुस्तीचा अर्ज, पुन्हा शिक्का, पुन्हा मंजुरी आणि मधे ओबोनची, म्हणजे ऑगस्टमधल्या पितरांच्या सणाची, सामसूम. घरभाडं भरायची तारीख मात्र कुणासाठी थांबली नाही. चूक कुणाची? बँकेची नाही, नवख्याचीही नाही. ओरिएंटेशनमध्ये कुणी विचारलंच नाही की तुझं नाव काताकानात नेमकं कसं लिहायचं.

भारतीय शिक्षकांच्या बाबतीत हे हमखास होतं. पासपोर्टवर अनेकदा स्वतःच्या नावाला वडिलांचं नाव जोडलेलं असतं, ते सगळंच्या सगळं कार्डावर येतं. काताकानात कुलकर्णींचं 'कुरुकारुनि' होतं, ते एक वेळ चालेल. पण एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं, हे चालत नाही.

उपाय साधा. पोस्टकार्डाएवढा एक जाड कागद. त्यावर कार्डावरचं पूर्ण रोमन नाव, त्याखाली एकदाच ठरवलेलं काताकाना, आडनाव आधी, दीर्घ स्वराची आडवी रेघ स्पष्ट. खाली नव्या घरचा पत्ता जपानी लिपीत आणि कार्यालयाचा फोन. प्रत्येकी तीन प्रती: एक पाकिटात, एक शिक्षण मंडळाच्या हिशेब विभागात, एक तुमच्याकडे. 'फोनमध्ये फोटो आहे ना' म्हणणाऱ्याचा फोन नेमका खिडकीवरच बंद पडतो. कागदच हवा.

वर्गाचा सराव म्हणजे भाषण नव्हे

'टीम टीचिंगची (जपानी शिक्षक आणि एएलटी यांनी मिळून शिकवण्याची) तत्त्वं' यावर तासभर बोलून कुणी शिकवायला शिकत नाही. नवख्याला पहिल्या आठवड्यात लागते ती एकच गोष्ट: स्वतःची ओळख. तीच करून घ्या. बाकीच्यांना मुलं म्हणून बसवा आणि घड्याळ लावा. प्राथमिक शाळेचा तास ४५ मिनिटांचा, माध्यमिकचा ५०, त्यात ओळखीला दहा मिनिटं पुष्कळ. तीस स्लाइड बनवून आणणारे उत्साही लोक दर वर्षी भेटतात, आणि शाळेचा संगणक बाहेरचा पेनड्राइव्ह घेत नाही हे त्यांना वर्गात उभं राहिल्यावर कळतं. ए-फोर आकाराचे सात-आठ छापील फोटो, लॅमिनेट केलेले, शेवटच्या बाकावरून दिसतील असे. बस.

तिसरी-चौथीत इंग्रजीची तोंडी ओळख आणि पाचवी-सहावीत इंग्रजी हा रीतसर विषय, अशी रचना २०२० पासून आहे. दोन्हीकडे स्वतःची ओळख एकाच पद्धतीने करून देऊ नका. आणि मुलं गप्प बसली म्हणून आवाज चढवायचा नाही. वाक्य छोटं करायचं, तेच पुन्हा म्हणायचं.

बाकीचं थोडक्यात

औषधांची सूचना येण्याआधीच्या ईमेलमध्ये द्या. अॅम्फेटामाइन असलेली गोळी डॉक्टरची चिठ्ठी असली तरी जपानात चालत नाही आणि विमानतळावर ओरिएंटेशन कामाला येत नाही.

आंतरराष्ट्रीय वाहन परवाना १९४९ च्या जिनिव्हा कराराचाच हवा. तो उतरल्यापासून जास्तीत जास्त वर्षभर चालतो. मधे पंधरा दिवस मायदेशी जाऊन आलं की वर्ष नव्याने मोजतात, हा गैरसमज आहे. त्यासाठी तीन महिने बाहेर राहावं लागतं. ऑक्टोबर २०२५ पासून मायदेशीच्या परवान्यावरून जपानी परवाना घेण्याची लेखी परीक्षा १० ऐवजी ५० प्रश्नांची झाली आहे, म्हणून सहाव्या महिन्यातच तयारीला लावा.

पोलीस ११०, आग आणि रुग्णवाहिका ११९. हे पाठ म्हणवून घ्या, हसले तरी.

शाळेत घालायचे घरातले बूट मोठ्या मापात गावच्या दुकानात मिळत नाहीत. मापं जुलैतच मागवा.

'प्रत्येक शाळेत वेगळं असतं' हे खरं असलं तरी उत्तर म्हणून वापरू नका. 'तुझ्या शाळेतल्या उपमुख्याध्यापकांना विचार' हे उत्तर आहे.

आणि दीड तासाची दुसरी बैठक ऑक्टोबरच्या सुरुवातीला ठेवा. खरे प्रश्न तेव्हा येतात. पहिला प्रश्न बहुधा कचऱ्याचाच असतो: गावच्या ठरलेल्या पिशवीत, ठरलेल्या दिवशी, सकाळी आठच्या आत टाकूनही तो दारात परत का आला?