जुन्या गाडीचे जाम झालेले मागचे ब्रेक ड्रम कसे काढावेत

बरीच वर्षं उभ्या राहिलेल्या जुन्या गाडीचं मागचं चाक काढलं की आत ड्रम, म्हणजे चाकासोबत फिरणारा ब्रेकचा गोल डबा, जाम झालेला सापडतो, आणि हात आपसूक हातोड्याकडे जातो. थांबा. ड्रम बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा असतो, आणि बीड वाकत नाही, थेट तुटतं. ड्रम नेमका कुठे अडकलाय, हे आधी शोधायचं.

गाडी सपाट जागी घ्या, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी पाचर लावा, मागच्या चाकांचे नट जमिनीवरच सैल करा. मग उचलून ॲक्सलखाली स्टँड द्या. नुसत्या जॅकवर ही झटापट करायची नाही. आता चाकं काढून गाडी न्यूट्रलमध्ये घ्या, हँडब्रेक सोडा आणि ड्रम हाताने फिरवून पाहा.

फिरतच नसेल, तर आतल्या शूंवरचे (ड्रमला आतून दाबणाऱ्या कमानींवरचे) लायनर, म्हणजे घासणारे थर, ड्रमला चिकटलेत किंवा हँडब्रेकची केबल गंजून ओढलेलीच राहिली आहे. फिरतो पण जागचा हलत नाही? मग गंज मधल्या भोकात, हबच्या (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाच्या) कडेला धरलाय. थोडा बाहेर येऊन अडत असेल, तर झिजलेल्या ड्रमच्या कडेला उरलेला कंगोरा शूंना अडवतोय.

कंगोऱ्याचा इलाज म्हणजे शू आत घेणं. बॅकप्लेटच्या (ड्रममागच्या स्थिर पत्र्याच्या) मागे शू आत-बाहेर करणारा चौकोनी टोकाचा ॲडजस्टर असेल, तर गंज सोडवणारं तेल मारून त्याच मापाच्या पान्याने तो सैल करा. भलता पाना लावलात तर कोपरे गोल झालेच म्हणून समजा. काही गाड्यांत खाचेतून दातेरी चाक फिरवावं लागतं. केबलही सैल करा.

ड्रम धरणारे छोटे स्क्रू राहिलेत का तेही बघा. साध्या स्क्रूड्रायव्हरने त्यांची डोकी खराब होतात, ठोकून फिरवायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या. मध्यभागी कॉटर पिन (नट सुटू नये म्हणून आरपार घातलेली पिन) लावलेला मोठा नट असेल आणि हब-ड्रम एकसंध असतील, तर प्रकरण वेगळं. तिथे ॲक्सल निमुळता असू शकतो, आणि तसा असेल तर हबसाठीचा दणकट पुलर, म्हणजे ओढून काढायचं साधनच लागतं. नट पूर्ण काढू नका, दोन-तीन आटे राहू द्या. सुटताना ड्रम बंदुकीच्या गोळीसारखा येतो.

हबवरच्या गंजाला घाई चालत नाही. तारेच्या ब्रशने कड साफ करा, मधल्या भोकाभोवती आणि स्टडच्या (चाकाचे नट बसतात त्या खुंट्यांच्या) मुळाशी गंज सोडवणारं तेल सोडा, रात्रभर मुरू द्या. दुसऱ्या दिवशी दोन स्टडच्या मधल्या जागेवर लाकडी ठोकळा धरून, ड्रम फिरवत फिरवत ठोका. सांध्यातून तांबूस भुकटी गळू लागली आणि ठोक्याचा आवाज बदलला, की तो सुटत चाललाय. ड्रमवर आट्यांची दोन भोकं असतील तर नशीब: योग्य बोल्ट घालून आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळा, म्हणजे तेच ड्रमला बाहेर ढकलतात.

एकदा मी बॅकप्लेट आणि ड्रमच्या मध्ये पहार घातली होती. प्लेट वाकली, ड्रमच्या कडेचा नखाएवढा टवका उडाला आणि ड्रम होता तिथेच राहिला.

ड्रमला शेगडीसारखं तापवणं मी शेवटी ठेवतो. आतल्या ब्रेक सिलिंडरमधली रबरं जातात, ब्रेक ऑइल आणि ग्रीस पेटतं. क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर तापलेल्या लोखंडावर गेला तर विषारी वायू होतो. त्यापेक्षा बॅकप्लेटच्या मागून शू धरणाऱ्या पिनांची डोकी छाटावीत. शू ड्रमसोबतच बाहेर येतात. पिना आणि स्प्रिंग नवीन घालता येतात.

ड्रम निघाला की फुंकर मारू नका, कॉम्प्रेसरची हवा तर मुळीच नको. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. मास्क लावा, धूळ पाण्याने भिजवून पुसून घ्या, फडकं पिशवीत बांधून टाका.

परत बसवण्याआधी कंगोरा लेथवर काढून घ्या, पण ड्रमचा आतला व्यास ठरलेल्या कमाल मापाबाहेर जाता कामा नये. हबच्या कडेला अँटी-सीझ (जाम होऊ न देणाऱ्या) ग्रीसचा अगदी पातळ हात द्या; लायनरला त्याचा डागही नको. आणि गाडी पुन्हा महिनोन्‌महिने उभी ठेवणार असाल, तर हँडब्रेक ओढून ठेवू नका. गिअरमध्ये टाका आणि चाकांना पाचर लावा.