आपल्या माणसांची वकिली करायचीय? मग सीबीएसपासून सुरुवात करा

सकाळी पेठ, सुरगाणा, हरसूल, कळवणकडून येणाऱ्या एसटीतून नाशिकच्या सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, जी माणसं उतरतात त्यात दोनचार तरी अशी असतातच की हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत घडी घालून घालून फाटलेले कागद. कलेक्टर ऑफिस, जिल्हा कोर्ट सगळं तिथून चालत जाण्यासारखं, तरी ती माणसं चहाच्या टपरीपाशी अर्धा अर्धा तास उभी राहतात कारण आत जाऊन विचारायचं कुणाला तेच माहीत नसतं. मी कोकणा आदिवासी, गाव पेठ तालुक्यात, चौदा वर्षं झाली नाशिकला वकिली करतेय आणि एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळलीय, आपली माणसं न्यायाधीशासमोर कमी हरतात आणि त्याच्या आधी, खिडकीवर, टेबलावर जास्त हरतात. तिथं आपलं कुणी उभंच नसतं.

म्हणून हे लिहितेय ते लॉ करणाऱ्या किंवा नुकतीच वकिलीची सनद मिळालेल्या आपल्या आदिवासी पोरापोरींसाठी. कायदा कॉलेजात शिकवतात, हे शिकवत नाहीत.

आधी सनदेचं. पैशांमुळे सनद लांबवू नका. ॲडव्होकेट्स ॲक्टमध्ये अनुसूचित जाती-जमातींसाठी नोंदणीची फी १०० रुपये राज्य बार कौन्सिलला आणि २५ बार कौन्सिल ऑफ इंडियाला, एवढीच आहे, स्टॅम्प ड्युटी वेगळी. जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की याच्यावर जास्त फी घेता येणार नाही. आणि ज्यांना जज व्हायचंय त्यांनी तर अजिबात उशीर करू नका कारण २०२५ पासून दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला तीन वर्षं प्रॅक्टिसची अट परत आलीय. आपल्यातले लोक त्या खुर्चीत पण पाहिजेत, नुसते समोर उभे राहायला नकोत.

आता काम. पहिली गोष्ट जी प्रत्येक गावात जाऊन सांगायची ती म्हणजे आदिवासी माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चं कलम १२, यात अनुसूचित जमातीसाठी उत्पन्नाची अट नाही. लोकांना वाटतं त्याला पण दाखला लागेल, तहसीलच्या चकरा माराव्या लागतील, तर उत्पन्नाचा दाखला नाही लागत, जातीचा कागद पुरतो. अर्ज तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे किंवा नाशिकला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे द्यायचा, साध्या कागदावर मराठीत लिहिलेला चालतो. फोन करायचा तर १५१००. हा नंबर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवून घ्या, आशाताईंच्या मोबाईलमध्ये सेव्ह करून द्या. आणि तुमची प्रॅक्टिस तीन वर्षांची झाली की तुम्ही स्वतः या सरकारी खर्चाच्या वकिलांच्या पॅनेलवर जायला अर्ज करा. तोपर्यंत गावातल्या एखाद्या बारावी झालेल्या पोरीला विधी स्वयंसेवक व्हायला सांगा, ती तुमच्यापेक्षा जास्त कामाची ठरते कारण ती रात्री नऊला पण गावातच असते.

दुसरी गोष्ट, ऐकायचं कसं. हे मी चुका करून शिकले. आपली माणसं साहेबासमोर सगळ्याला "हो" म्हणतात. वाचून दाखवलं का, हो. समजलं का, हो. सही तुमचीच का, हो साहेब. ते "हो" म्हणजे होकार नसतो, ते फक्त भांडण नको म्हणून असतं. म्हणून हो किंवा नाही असं उत्तर येईल असा प्रश्नच विचारू नका, "त्या दिवशी सकाळी उठल्यापासून काय काय झालं ते सांगा बाबा" असं विचारा आणि गप्प बसा. आपल्या कोकणा बोलीत बोलत असतील तर त्यातच बोलू द्या, भिल्लीत तर भिल्लीत, येत नसेल तर गावातलं कुणी सोबत घ्या. खालच्या कोर्टाची भाषा १९९८ पासून मराठी आहे हे बरोबर, पण आपल्या म्हाताऱ्यांची मराठी आणि कोर्टाची मराठी यात खूप अंतर आहे, साक्षीच्या वेळी प्रश्न कळला नसेल तर तुम्ही उठून सांगायचं की साक्षीदाराला प्रश्न समजलेला नाही, परत विचारा. त्यात लाजायचं काही नाही.

आता वनहक्क, कारण आपल्याकडे निम्मी कामं याचीच येतात. ६ मार्च २०१८ ला याच सीबीएस चौकातून हजारो लोक मुंबईला चालत निघाले होते ते मुख्यतः याच जमिनीसाठी. २००६ चा वनहक्क कायदा म्हणतो की १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असाल तर जास्तीत जास्त ४ हेक्टरपर्यंत हक्क मिळतो. दावा ग्रामसभेत, मग उपविभागीय समिती, मग जिल्हा समिती. दावे बुडतात ते पुराव्यावर.

सुरगाण्याकडचे एक बाबा माझ्याकडे आले होते, दावा फेटाळलेला, कारण म्हणून एकच ओळ, पुरावा नाही. मी विचारलं, बाबा, फॉरेस्टवाल्यांनी कधी पकडलं होतं का? ते एकदम गप्प झाले, खाली बघायला लागले. पुढच्या वेळी येताना बिस्किटाचा पत्र्याचा डबा घेऊन आले, त्यात हळदीचे डाग पडलेली एक पावती, १९८९ ची, ४० रुपये दंड, आणि शाईने लिहिलेलं "अनधिकृत नांगरट". चोर म्हणतील म्हणून पोरांपासून सुद्धा लपवली होती त्यांनी ती इतकी वर्षं. मी त्यांना म्हटलं बाबा हाच तुमचा सातबारा, तुम्ही त्या साली तिथं नांगर धरला होता हे सरकारनेच लिहून दिलंय. त्यांना पटायला वेळ लागला, दोनदा विचारलं, म्हणजे मला आत नाही टाकणार ना?

तर प्रत्येक घरात हा डबा शोधा. दंडाची पावती मिळाली नाही तर हरलो असं नाही. वनहक्क कायद्याच्या नियम १३ मध्ये कमीत कमी दोन पुरावे मागतात आणि त्यात गावातल्या दुसऱ्या जाणत्या माणसाचा लेखी जबाब धरतात, शेताचे बांध, सपाटीकरण, घर, जुनी विहीर, स्मशान, वाघदेवासारखं देवस्थान हे सगळं धरतात. जबाब घेताना वय, गाव, आणि कुणाला कुठं कसताना पाहिलं हे नीट लिहा, दहा जणांचे जबाब झेरॉक्ससारखे एकसारखे लिहू नका, त्याने दावा कमजोर दिसतो. सॅटेलाईट फोटोत शेत दिसत नाही म्हणून कुणी फेटाळलं तर नियमातच लिहिलंय की तो फोटो इतर पुराव्याला जोड म्हणून आहे, त्यांच्या जागी नाही.

फेटाळल्याचा निर्णय लेखी, कारणासकट मागा. अपील ६० दिवसांत, त्यामुळे निर्णयाची तारीख आणि कागद हातात पडल्याची तारीख दोन्ही लगेच लिहून ठेवा. जिल्हा समितीने नाही म्हटलं तरी २०२० पासून अनुसूचित क्षेत्रात विभागीय आयुक्तांच्या समितीकडे जाता येतं, म्हणजे आपल्याला नाशिकरोडलाच. आणि दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत जमिनीवरून हुसकता येत नाही असं वनहक्क कायद्याचं कलम ४(५) सांगतं, कुणी हुसकायला आलं तर दाखवायला त्याची प्रिंट घरात ठेवायला द्या.

आता सातबाऱ्यावर स्वतःच्या नावाने असलेल्या जमिनीचं थोडक्यात. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला विकायला जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ अ खाली कलेक्टरची मंजुरी लागते आणि त्याआधी सरकारची मान्यता लागते. साठेखत, कुलमुखत्यारपत्र, नव्व्याण्णव वर्षांचा भाडेपट्टा, असल्या कागदावर अंगठा द्यायच्या आधी फोन करा असं सांगून ठेवा. महामार्गाच्या कडेच्या गावांत तर आधी हेच सांगा.

ॲट्रॉसिटीच्या केसमध्ये एफआयआर लगेच घ्यावा लागतो, आधी चौकशी करू असं म्हणता येत नाही. एफआयआरची कॉपी फुकट. ठाण्यात घेत नसतील तर तीच तक्रार एसपींना पोस्टाने, पोचपावतीसह. तपास डीवायएसपी (पोलीस उपअधीक्षक) दर्जाचा अधिकारी करतो. कलम १५ अ मुळे पीडिताला जामिनाच्या सुनावणीची नोटीस मिळायला पाहिजे आणि तिथं त्याचं म्हणणं ऐकलं पाहिजे, हे सरकारी वकिलांना आठवण करून द्यायचं काम तुमचं.

शेवटचं, एसटी बसचं. गावाकडं जाणारी शेवटची गाडी चुकली तर माणूस रात्र स्टॅन्डवर काढतो आणि पुढच्या तारखेला येत नाही, मग केस जाते. म्हणून सकाळीच कोर्टाला सांगा की साक्षीदार लांबून आलाय, लवकर घ्या. ॲट्रॉसिटीत साक्षीदाराला प्रवासखर्च आणि भत्ता मिळतो, त्याचा अर्ज त्याच दिवशी भरा, तिकीट त्याच्याकडून मागून फाईलला लावा. माझ्या टेबलाच्या काचेखाली आपल्या सगळ्या तालुक्यांच्या शेवटच्या गाड्यांच्या वेळा लिहून ठेवल्यात, तुम्ही पण लिहून ठेवा.