‘सर’, ‘मॅडम’ नको असेल तर ते सांगायचं कसं

कुणी ‘सर’ किंवा ‘मॅडम’ म्हटलं की अवघडल्यासारखं होतं, पण नेमकं काय खुपतं ते आधी पाहा, कारण उपाय त्यावर ठरतो. वय दिसलं म्हणून खुपत असेल किंवा ‘एवढा मान मिळावा असं मी काय केलंय’ असं वाटत असेल, तर समोरच्याला काही सांगू नका. त्याची ती सवय आहे. त्यात तुमचं मोजमाप नाही. नव्या पदावर हे जास्त जाणवतं, मग कान सरावतात.

व्यवहार एकतर्फी असेल तर मात्र काही करायला हवं. तो तुम्हाला ‘सर, तुम्ही’ म्हणतो आणि तुम्ही त्याला ‘अरे, जरा इकडे ये’. इथे सर्वांत सोपा उपाय तुमच्याच तोंडात आहे: त्यालाही अहो-जाहो करा. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

नावाने हाक मारून घ्यायची असेल, तर विषय तुम्हीच काढायचा. रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन या अमेरिकी अभ्यासकांनी १९६० साली ‘तू-तुम्ही’सारख्या सर्वनामांवरच्या निबंधात हेच दाखवलं: जवळिकीच्या भाषेकडे वळण्याचा पुढाकार वरचढ बाजूचा असतो. कनिष्ठाने आपणहून नाव घेतलं तर तो आगाऊपणा ठरतो, म्हणून तो वाट पाहत बसतो.

सांगायचं ते एकट्यात, कामाच्या ओघात, एका वाक्यात. “मला नुसतं नीलिमा म्हणा, चालेल.” एवढंच. “सर काय म्हणतोस, मी काय म्हातारा झालो?” अशी थट्टा केली की समोरच्याला हसण्यापलीकडे काही सुचत नाही आणि उद्या पुन्हा ‘सर’ येतंच. पर्याय न देता नुसतं ‘मॅडम म्हणू नका’ म्हणणं त्याहून वाईट. मग माणूस हाक मारायचीच टाळतो. “ते… ऐकलं का?”, “निघायचं का?”, “बघून झालं का?” अशी कर्ता गाळलेली वाक्यं येऊ लागली, की समजा गाडी क्रियापदाशी अडली आहे: ‘बघितलंस’ म्हणवत नाही आणि नावापुढे ‘बघितलंत’ म्हणावं की नाही ते कळत नाही. तेव्हा मधली वाट तुम्हीच त्याच्याशी बोलताना वापरून दाखवा: “संदीप, तुम्ही बघितलंत का?” नाव आणि ‘तुम्ही’ एकत्र छान नांदतात. ‘तू’ची घाई करू नका.

दोनदा सांगून झालं की सोडून द्या. दर वेळी टोकलं तर तुमच्या सोयीसाठी समोरचा ओशाळा होतो, म्हणजे अवघडलेपण फक्त जागा बदलतं. त्याऐवजी निरोपाखाली नुसतं पहिलं नाव लिहा, फोनवर “नीलिमा बोलतेय” म्हणा.

पहारेकरी, मदत-कक्षातला कर्मचारी यांना आग्रह नको. ‘सर’ गाळल्याबद्दल त्यांना वरून बोलणी बसू शकतात. न्यायालय, समारंभ इथेही विषय काढू नये.

आणि बैठकीत बाकी सगळे ‘सर’ असताना एकट्या तुम्ही ‘नुसतं नीलिमा’ झालात, तर तुमच्या शब्दाचं वजन घटण्याची शक्यता आहे, विशेषतः बाईच्या बाबतीत. अशा वेळी आधी बरोबरीच्यांशी बोला आणि सगळ्यांचं ‘सर’ एकदम काढा. ते तयार नसतील तर तूर्तास ‘मॅडम’ राहू द्या.