हळदीचं फुटेज ओव्हर झालंय? ग्रेडिंगला बसण्याआधीची तयारी

भर दुपारी अंगणात झालेली हळद म्हणजे नवरीचे गाल, मांडवाचं पांढरं कापड आणि काकांचा सदरा, सगळं एकाच उजेडात विरघळलेलं, म्हणजेच शॉट ओव्हर, गरजेपेक्षा जास्त उजळ. ग्रेडिंग म्हणजे फुटेजचा रंग आणि उजेड सुधारणं; त्यासाठी डाव्हिंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरमध्ये कलर व्हील फिरवण्याआधी थोडी तयारी करा.

आधी कार्डावरची मूळ फाइल मागवा. व्हॉट्सॲपवरून आलेल्या क्लिपवर काम करू नका, तिच्यात आधीच बरंच गेलेलं असतं. फाइल ८ बिट आहे की १० बिट, हे बघून ठेवा. ८ बिटमध्ये एका चॅनलला (लाल, हिरवा किंवा निळा) उजेडाच्या २५६ पायऱ्या, १० बिटमध्ये १०२४; कमी पायऱ्या ताणल्या की आकाशात पट्टे दिसू लागतात. मॉनिटरचा नाइट लाइट बंद करा, खिडकीचा पडदा ओढून घ्या.

आता वेव्हफॉर्म, म्हणजे चित्रातला उजेड दाखवणारा आलेख, उघडा आणि गेन (उजळ भागाचं नियंत्रण) हळूहळू खाली आणा. सगळा निकाल इथेच लागतो. वर चिकटलेली सपाट रेघ खाली येताना पसरली, तिच्यात आकार दिसू लागले, तर बारकावे फाइलमध्ये आहेत. सपाटच खाली आली तर तिथे काही नाही, आणि कुठलंही प्लगइन ते खरंखुरं परत आणू शकत नाही. ही परीक्षा लट (LUT, रंग बदलणारी तयार फाइल) लावण्याआधीच्या नोडवर, म्हणजे ग्रेडिंगच्या टप्प्यावर, घ्या. बरेच लट वरचा भाग कापून टाकतात, नंतरच्या नोडमध्ये तो सापडत नाही.

मग आरजीबी परेड, म्हणजे लाल, हिरवा, निळा चॅनल वेगवेगळे दाखवणारा आलेख, बघा. हळद लागलेल्या त्वचेत बहुतेक वेळा लाल चॅनल आधी माथ्याला टेकतो, निळा खालीच असतो. म्हणून नुसता उजेड उतरवला की चेहरा लिंबासारखा पिवळा पडतो. तिथे ल्युमिनन्स विरुद्ध सॅच्युरेशनच्या कर्व्हने फक्त सर्वांत उजळ भागातला रंग कमी करा. गामा (मधल्या उजेडाचं नियंत्रण) जरा उतरवला की गालांना गोलाई येते. गेलेलं पांढरं मात्र पांढरंच राहू द्या. ओढूनताणून खाली आणलेला सदरा राखाडी, मळका दिसतो, आणि ते मूळ चुकीपेक्षा वाईट.

जे शॉट वाचणार नाहीत त्यांची यादी करून दुसऱ्या कॅमेऱ्याचं फुटेज आजच मागवा, विशेषतः आईनं हळद लावतानाचं. तो क्षण घरच्यांना हवाच असतो. दुसरा अँगल नसेल तर तो जळलेलाच शॉट ठेवा, पण गाळू नका.